सुट्या सेलचा धोका : ई-सिगारेटविषयक कायदे बॅटरीपाशी का अडतात?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील सेंट पीटर्सबर्ग शहरात मे २०१८ मध्ये एका घराला आग लागली आणि आत ३८ वर्षीय पुरुषाचा मृतदेह सापडला. त्याचे शरीर मोठ्या प्रमाणावर भाजले होते. मात्र मृत्यूचे कारण डोक्यात वेगाने घुसलेले तुकडे हे होते, असे शवविच्छेदनातून स्पष्ट झाले. ते तुकडे त्याच्या ई-सिगारेटचे होते. त्यानंतर आठ महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे ई-सिगारेटचा स्फोट होऊन मानेतील धमनी फाटल्याने २४ वर्षीय तरुणाचा मृत्यू झाला.

फ्लोरिडातील उपकरण ‘मेकॅनिकल मॉड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातील होते. या प्रकारात विद्युतप्रवाहावर नियंत्रण ठेवणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसते. ई-सिगारेटविषयीची सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने निकोटिनचे व्यसन, फुफ्फुसांवरील परिणाम आणि किशोरवयीन मुलांना लावली जाणारी सवय या मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे गंभीर आहेत, यात शंका नाही. परंतु या उपकरणातील दुसरा धोका बाष्पात नसून बॅटरीत आहे आणि जगातील बहुतेक कायदे नेमके तेथेच तोकडे पडतात. काही देशांनी ई-सिगारेटला परवानगी दिली, भारताने तिच्यावर बंदी घातली. तरीही दोन्हीकडे सुटा लिथियम-आयन सेल नियमांच्या चौकटीतून निसटतो. हा प्रश्न म्हणूनच केवळ धूम्रपान करणाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही.

नियंत्रणाविना नळी

सर्वसाधारण ई-सिगारेटमध्ये बॅटरी आणि तापणारी तारेची कॉइल यांच्यामध्ये एक छोटे सर्किट असते. कॉइलचा रोध किती आहे, हे ते तपासते. शॉर्टसर्किट असल्यास प्रवाह सुरूच होऊ देत नाही. बॅटरी ठरावीक मर्यादेखाली उतरली की उपकरण बंद करते आणि बटण दीर्घकाळ दाबले गेल्यास काही सेकंदांनी पुरवठा तोडते.

मेकॅनिकल मॉडमध्ये यातील काहीही नसते. तांबे, पितळ किंवा पोलादाची एक नळी, तिच्यात एक वा अधिक सेल, खाली यांत्रिक बटण आणि वर कॉइल, एवढीच तिची रचना. बटण दाबताच सेलची संपूर्ण ताकद थेट कॉइलकडे धावते. दाट बाष्प आणि आपल्या हाताने जुळवणी केल्याचे समाधान, या आकर्षणातून हौशी वापरकर्त्यांचा एक वर्ग या उपकरणांकडे वळला. सुरक्षेची संपूर्ण जबाबदारी मात्र त्यामुळे वापरकर्त्याच्या गणितावर आणि सावधगिरीवर येऊन पडली.

हे गणित शालेय पुस्तकातील ओहमच्या नियमाचे आहे. या उपकरणांत सर्रास वापरला जाणारा सेल ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, यावरून त्याला हे नाव मिळाले. पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. ०.३ ओहम रोधाच्या कॉइलला तो जोडल्यास १४ अँपिअर विद्युतधारा वाहते आणि सुमारे ५९ वॅट शक्ती खर्च होते. कॉइलचा रोध ०.१५ ओहमवर आणल्यास विद्युतधारा २८ अँपिअर होते. अधिक विद्युतधारा देण्यासाठी खास बनवलेल्या दर्जेदार सेलची सततच्या वापराची मर्यादा साधारण २० ते २५ अँपिअर असते, तर लॅपटॉपसारख्या उपकरणांसाठी बनवलेल्या सामान्य सेलची मर्यादा त्याहून बरीच कमी असते. कॉइल गुंडाळताना झालेला शतांश ओहमचा फरकसुद्धा सेलला मर्यादेच्या पलीकडे ढकलू शकतो. तो फरक डोळ्यांना दिसत नाही आणि उपकरणही त्याची सूचना देत नाही.

दुप्पट विभवांतर, चौपट शक्ती

या प्रकारातील सर्वांत धोकादायक रचना म्हणजे दोन किंवा अधिक सेल एकापुढे एक ठेवून केलेली एकसर जोडणी. समांतर जोडणीत एकूण विद्युतधारा सेलमध्ये विभागली जाते आणि प्रत्येकावरील भार कमी होतो. एकसर जोडणीत याच्या उलट घडते. विभवांतरांची बेरीज होऊन ते ८.४ व्होल्टवर जाते, पण संपूर्ण विद्युतधारा प्रत्येक सेलमधून वाहते. वर उल्लेखिलेली ०.३ ओहमची तीच कॉइल आता १४ ऐवजी २८ अँपिअर खेचते आणि शक्ती ५९ वॅटवरून २३५ वॅटवर पोहोचते. छताला फिरणाऱ्या तीन साध्या पंख्यांना लागेल एवढी ही शक्ती ओठांपासून काही सेंटिमीटरवरील एका बोटभर तारेत ओतली जाते. एका सेलच्या नळीत सुरक्षित ठरलेली कॉइल दोन सेलच्या नळीत सेलच्या क्षमतेबाहेर जाते, हे अनेक वापरकर्त्यांच्या लक्षात येत नाही.

आठ व्होल्टचा धक्का बसत नाही, त्यामुळे धोक्याची जाणीवही होत नाही. घरातील २३० व्होल्टच्या विजेबाबत लहान मुलालाही सावध केले जाते. बॅटरीबाबत मात्र ‘एवढ्याशा सेलने काय होणार’ अशी भावना असते. प्रत्यक्षात या सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा साठवलेली असते. ती हळूहळू बाहेर आली तर विजेरी तासन्‌तास चालते; काही क्षणांत बाहेर आली तर तिचा भडका होतो.

एकसर जोडणीतील आणखी एक दोष म्हणजे सेलमधील असमानता. एक सेल नवा आणि दुसरा जुना असेल, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घातले असतील, तर दुबळा सेल आधी रिकामा होतो. शिल्लक असलेला सेल त्या रिकाम्या सेलमधून प्रवाह ढकलत राहतो आणि त्याची ध्रुवता उलटण्याची वेळ येते. नियंत्रित उपकरणातील सर्किट अशा वेळी पुरवठा थांबवू शकते. मेकॅनिकल मॉडमध्ये बाष्प कमी येऊ लागले, एवढाच इशारा मिळतो.

स्फोट कसा होतो?

लिथियम-आयन सेलच्या आत धन आणि ऋण थर अत्यंत पातळ प्लास्टिकच्या पडद्याने वेगळे ठेवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये ज्वलनशील सेंद्रिय द्रव असतो. शॉर्टसर्किट किंवा अतिरिक्त विद्युतधारेमुळे सेल तापू लागला की सुमारे ९० अंश सेल्सिअसपासून आतील संरक्षक थरांचे विघटन सुरू होते. १३० अंशांच्या आसपास पडदा वितळू लागतो. एकदा धन आणि ऋण थर एकमेकांना भिडले की बाहेरचा प्रवाह बंद करूनही उपयोग नसतो. रासायनिक क्रिया स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करत राहते. तापलेल्या धनाग्रातून प्राणवायूही बाहेर पडतो, त्यामुळे आग स्वतःलाच खतपाणी घालते.

उत्पादक या शक्यतेचा विचार करूनच सेलच्या धन टोकाशी वायू बाहेर सोडणारी झडप ठेवतात. मोकळ्या जागेत ती आपले काम करते. पण सेल धातूच्या घट्ट नळीत कोंडलेला असेल आणि नळीला वायू बाहेर जाण्यासाठी पुरेशी छिद्रे नसतील, तर साठलेला दाब नळीचा सर्वांत कमकुवत भाग उडवून लावतो. हा भाग बहुधा तोंडाकडचा किंवा तळाकडचा असतो. अशा वेळी नळी बंदुकीच्या नळीसारखी वागते. चेहरा, दात, डोळे आणि मान यांना होणाऱ्या जखमांचे कारण हेच आहे.

शॉर्टसर्किट होण्यासाठी मोठी चूक लागते असेही नाही. १८६५० सेलचा संपूर्ण बाह्य धातूचा डबा, अगदी धन टोकाच्या भोवतीच्या कडेपर्यंत, ऋण असतो. धन आणि ऋण यांच्यामध्ये उरते ते केवळ रंगीत प्लास्टिकचे पातळ वेष्टण आणि एक छोटी चकती. वेष्टणाला ओरखडा पडला किंवा चकती फाटली, की धातूची नळी हीच शॉर्टसर्किटचा मार्ग बनते. काही नळ्यांमध्ये वरच्या टाकीचा मधला खिळा थेट सेलच्या टोकावर टेकतो. तो खिळा पुरेसा बाहेर आलेला नसेल, तर भोवतालची कड टोकाला लागते आणि बटण दाबताच सेल कॉइलला वगळून स्वतःवरच रिकामा होऊ लागतो.

खिशातील निखारा

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील माध्यमांत नोंदल्या गेलेल्या ई-सिगारेटच्या १९५ आगी व स्फोटांचा अभ्यास करण्यात आला. त्यांत १३३ जण जखमी झाले आणि त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. तोंडाजवळ वापरताना घडलेल्या घटना ६०, तर उपकरण किंवा जादा बॅटरी खिशात असताना घडलेल्या घटना ६१ होत्या. चार्जिंगच्या वेळी ४८ घटना घडल्या. म्हणजेच धोका उपकरण वापरण्याच्या क्षणापुरता नाही. किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकलेला सुटा सेल तेवढाच घातक ठरतो, कारण किल्लीचा एक स्पर्श धन टोक आणि ऋण कड यांना जोडण्यास पुरेसा असतो.

माध्यमांत येणाऱ्या घटना हे हिमनगाचे टोक असते. ‘टोबॅको कंट्रोल’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत ई-सिगारेटच्या स्फोटांमुळे व भाजल्यामुळे दाखल झालेल्यांची अंदाजित संख्या २,०३५ होती. मांडी, हात आणि चेहरा हे प्रामुख्याने इजा होणारे भाग. या जखमा केवळ आगीच्या नसतात. सेलमधून बाहेर पडणारी अल्कधर्मी रसायने त्वचेत खोलवर जातात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जखम बॅटरीमुळे झाली आहे, हे सुरुवातीलाच कळणे त्यामुळे अत्यावश्यक असते.

कायदे वेगळे, पोकळी एकच

एवढे पुरावे समोर असताना कायद्यांनी काय केले, हा प्रश्न येथे उभा राहतो. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र आयोग आहे. मात्र त्याच्या मूळ कायद्यातच तंबाखूजन्य उत्पादने त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. दुसरीकडे अन्न व औषध प्रशासनाला ई-सिगारेटवर अधिकार मिळाला तो ऑगस्ट २०१६ मध्ये. तोपर्यंत ही उपकरणे बाजारात स्थिरावली होती. ई-सिगारेटच्या विद्युत यंत्रणेसाठी ‘यूएल ८१३९’ हे मानक पुढे आले. पण संरक्षक सर्किटची परीक्षा घेणारे मानक, ज्या नळीत सर्किटच नाही तिला सुरक्षित ठरवू शकत नाही. अखेर जानेवारी २०२१ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका व वापरू नका, असा इशारा नागरिकांना दिला. एलजी, सॅमसंग, सोनी यांसारख्या उत्पादकांनीही आपले हे सेल ई-सिगारेटमध्ये वापरण्यासाठी नाहीत, असे जाहीर केले. तरीही ते किरकोळ विक्रेत्यांपर्यंत पोहोचतच राहिले.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून टाकीची क्षमता २ मिलिलिटर, द्रवाची बाटली १० मिलिलिटर आणि निकोटिनचे प्रमाण प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. हे नियम द्रवाबाबत काटेकोर आहेत. परंतु ज्या भागात द्रव भरला जात नाही, त्या स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या बॅटरीच्या भागाला ई-सिगारेटसाठीची नोंदणी लागू होत नाही. परवानगी दिली म्हणजे सुरक्षा आपोआप आली, हा युक्तिवाद या दोन्ही उदाहरणांतून टिकत नाही.

भारताने वेगळा मार्ग निवडला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढण्यात आला आणि त्याच वर्षी संसदेने इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध अधिनियम मंजूर केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. ई-सिगारेटची व्याख्याही व्यापक आहे. नाव, आकार वा रूप कोणतेही असो, इनहेल करण्यासाठी पदार्थ तापवून बाष्प निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण तिच्यात येते आणि विक्रीवरील बंदी उपकरणाच्या सुट्या भागांनाही लागू आहे.

तथापि, हीच पोकळी येथेही दिसते. १८६५० सेल हा ई-सिगारेटचा भाग म्हणून विकला जात नाही. तो विजेरीचा, पॉवर बँकेचा, खेळण्याचा किंवा जुन्या लॅपटॉप बॅटरीचा सेल म्हणून कायदेशीररीत्या विकला जातो. प्रतिबंध अधिनियम बाष्प निर्माण करणाऱ्या उपकरणाकडे पाहतो. सेलकडे पाहण्याचे काम भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणी योजनेचे आहे, जिच्यात सुवाह्य उपकरणांतील सेलसाठी ‘आयएस १६०४६’ हे मानक लागू आहे. या दोन यंत्रणांची कामे वेगळी, अधिकारी वेगळे आणि छापेही वेगळे. बंदीमुळे अधिकृत विक्रेता आणि त्याने द्यावयाची सूचना, दोन्ही नाहीशी होतात. चोरट्या मार्गाने मिळालेल्या उपकरणासोबत ना हमी असते, ना माहितीपत्रक. बंदी सैल करावी, असा याचा अर्थ नाही. बंदीने एक दार बंद केले असले, तरी शेजारचे दार उघडे आहे, एवढाच तो आहे.

खोट्या वेष्टणांचा बाजार

सुट्या सेलच्या व्यापारातील मोठी समस्या बनावट वेष्टणाची आहे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले किंवा कारखान्याने नाकारलेले सेल नव्या रंगीत वेष्टणात गुंडाळून विकले जातात आणि त्यांवर मनमानी आकडे छापले जातात. १८६५० आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ऑनलाइन विक्रीत मात्र याच आकारावर ५,००० किंवा ९,९०० असे आकडे सर्रास दिसतात. हे आकडे असणे, हाच तो सेल खोटा असल्याचा पुरावा आहे. विद्युतधारेची मर्यादाही अशीच फुगवलेली असते आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणी कॉइल जुळवली, तर त्याचे सारे गणित पहिल्याच पायरीवर चुकते.

हा धोका वेपिंगपुरता नाही. पुण्यात लोहगाव येथे मार्च २०२२ मध्ये विद्युत दुचाकीने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने विद्युत दुचाकींवर बंदी घातली नाही. सेलची गुणवत्ता, बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा आणि चार्जर यांविषयीचे ‘एआयएस १५६’ हे मानक अधिक कडक करून डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू करण्यात आले. वाहनांच्या बाबतीत सरकारने प्रश्नाचे मूळ सेलमध्ये आणि त्याच्या नियंत्रणात असल्याचे ओळखले. तीच दृष्टी सुट्या सेलच्या किरकोळ बाजाराला लावण्याची आता गरज आहे.

करण्याजोगे काय?

पहिली गोष्ट, संरक्षक सर्किट नसलेला सुटा लिथियम-आयन सेल थेट ग्राहकाला विकण्यावर स्पष्ट निर्बंध हवेत. दुरुस्ती करणारे व्यावसायिक आणि उत्पादक यांना त्यांची गरज असते, हे खरे. त्यांच्यासाठी नोंदणीकृत विक्रीची व्यवस्था करता येईल. दुसरी, ई-सिगारेटचे साठे जप्त करणाऱ्या यंत्रणांनी त्यांतील सेल कोठून आले, याचाही माग काढून ती माहिती मानक ब्युरोला द्यावी. तिसरी, ऑनलाइन विक्री मंचांनी अशक्य क्षमतेचे दावे असलेले सेल हटवावेत. यासाठी तज्ज्ञ समितीची आवश्यकता नाही, एका आकड्याची तपासणी पुरेशी आहे. चौथी, रुग्णालयांच्या अपघात विभागांत भाजण्याचे कारण नोंदवताना बॅटरी हा स्वतंत्र रकाना असावा. मोजले गेले नाही, ते धोरणात येत नाही.

कुटुंबांच्या पातळीवरही काही सावधगिरी शक्य आहे. शिक्षण व नोकरीसाठी घरापासून दूर राहणाऱ्या मुलांशी बोलताना केवळ निकोटिनचाच विषय न काढता बॅटरीचाही काढावा. तरुण मन दूरच्या आजारापेक्षा समोरच्या स्फोटाचा धोका लवकर समजून घेते. कोणत्याही उपकरणासाठी सेल घेताना त्यावर मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येतो. सुटा सेल खिशात किंवा पर्समध्ये कधीही मोकळा ठेवू नये, प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. वेष्टण फाटलेला, चेपलेला किंवा फुगलेला सेल पुन्हा वापरू नये आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. रात्री उशाशी किंवा अंथरुणावर चार्जिंग करू नये. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल सामानकक्षात पाठवायचे नसतात. ते टोके झाकून केबिनमध्येच न्यावे लागतात. ई-सिगारेट मात्र भारतात सोबत आणण्याचाच प्रश्न उद्भवत नाही.

सेल फुटून कोणी जखमी झाल्यास त्याचे जळते वा रसायनाने भिजलेले कपडे तातडीने काढावेत, त्याला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘लिथियम बॅटरीने भाजले आहे’ असे सांगावे. बंदी असलेले उपकरण वापरल्याचे उघड होईल, या भीतीने कारण लपवले गेल्यास योग्य उपचारास उशीर होऊ शकतो. रुग्णालय ही चौकशीची नव्हे, उपचाराची जागा आहे, हे पालकांनी आणि शिक्षणसंस्थांनी तरुणांना ठामपणे सांगितले पाहिजे.

लिथियम-आयन सेलने मोबाइलपासून वाहनांपर्यंत आधुनिक जीवन व्यापले आहे आणि नियंत्रित स्थितीत तो विश्वासार्ह आहे. त्याचे नियंत्रण काढून घेतले की तोच सेल धोकादायक बनतो. मग ते नियंत्रण हौसेपोटी काढले असो, स्वस्ताईपोटी की बनावट विक्रेत्याच्या लोभापोटी. ई-सिगारेटवरील बंदीची अंमलबजावणी काटेकोर व्हायलाच हवी. पण बाष्पावर नजर ठेवणाऱ्या कायद्याला सेलवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेची जोड मिळाली नाही, तर बंदी असलेल्या उपकरणाची ताकद कायदेशीर दुकानातूनच विकत मिळत राहील.